खोटा हार, खरी पेटी

मोपासाँची ‘द नेकलेस’ ही कथा आपल्याकडे इंग्रजीच्या पुस्तकांतून इतक्या पिढ्यांनी वाचली आहे की, ती मुळात फ्रेंच कथा आहे हेही पुष्कळांच्या ध्यानात राहिलेले नाही. मूळ नाव ‘ला पार्युर’. पॅरिसच्या ‘ल गोल्वा’ या दैनिकात फेब्रुवारी १८८४ मध्ये ती प्रथम छापून आली. मी ती विद्यार्थी म्हणून वाचली, एम. ए. ला असताना तिच्यावर टिपणे काढली आणि पुढे सीमाभागातल्या मराठी शाळेत पंचवीसएक वर्षे दहावीच्या मुलांना पूरक वाचन म्हणून शिकवली. दरवर्षी तास संपताना फळ्यावर एकच तात्पर्य लिहिले : अंथरूण पाहून पाय पसरावेत. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले, परीक्षेत लिहिले आणि मी त्यांना गुण दिले.

ते तात्पर्य अपुरे होते, आणि थोडे अन्यायाचेही होते, असे आता मला वाटते. हे ध्यानात आणून दिले ते वर्गातल्या एका मुलीने. तिच्या घरी कानडी, शाळेत मराठी. कथा वाचून संपली, वर्ग क्षणभर गप्प झाला आणि ती बाकावरूनच पुटपुटली, “मोदल याक हेळलिल्ल?” म्हणजे, आधी का नाही सांगितलं? कोणी, असे मी विचारले. ती उभी राहून म्हणाली, “त्या मैत्रिणीनं, सर. हार खोटा आहे असं देतानाच का नाही सांगितलं?” मी पटकन म्हणालो, “सांगितलं असतं तर गोष्टच झाली नसती!” वर्ग हसला. ती खाली बसली.

माझे उत्तर चलाखीचे होते. शिक्षकाला प्रश्नाचे उत्तर येत नसले म्हणजे तो असे करतो. त्या प्रश्नाचा मी पुढे पुष्कळ विचार केला, आणि तो विचार मला हिऱ्यांच्या हारापासून आजच्या बायकांच्या खांद्यावरच्या पर्सपर्यंत घेऊन गेला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे असे वाचकांनी समजावे.

२

प्रथम कथा थोडक्यात आठवू. मातिल्द ही शिक्षण खात्यातल्या एका सामान्य कारकुनाची बायको. (शिक्षण खात्याचा कारकून म्हटल्यावर आम्हा मास्तरमंडळींना तो मुळीच परका वाटत नाही!) मंत्र्यांकडच्या समारंभाचे निमंत्रण येते. नवऱ्याने शिकारीची बंदूक घेण्यासाठी बाजूला टाकलेले ४०० फ्रँक तिच्या पोशाखात जातात. गळ्यात घालायला काही नाही म्हणून ती मादाम फोरेस्तिये या श्रीमंत मैत्रिणीकडे जाते आणि काळ्या साटिनच्या पेटीतला हिऱ्यांचा हार मागून आणते. समारंभात ती सगळ्यांत उठून दिसते. घरी परतल्यावर पाहते तो गळ्यात हार नाही. नवराबायको पॅरिसभर हिंडून तसाच हार शोधतात आणि ३६,००० फ्रँकांना घेतात. पैकी निम्मी रक्कम नवऱ्याला वडिलांकडून आलेली, बाकीचे कर्ज. ते फेडण्यात दहा वर्षे जातात. मोलकरीण काढून टाकलेली, घर बदललेले, मातिल्दचे हात भांडी घासून खरखरीत झालेले. शेवटी एके दिवशी तिला रस्त्यात फोरेस्तिये भेटते, सगळी हकीकत ऐकते आणि सांगते की तो हार खोटा होता, फार तर ५०० फ्रँकांचा.

शेवटच्या वाक्यातली ही कलाटणी म्हणजे निव्वळ चमत्कृती आहे, एकदा कळली की कथा पुन्हा वाचण्यात अर्थ नाही, असा आक्षेप या कथेवर नेहमी घेतला जातो. मला तो मान्य नाही. शेवट ठाऊक झाल्यावर वाचणाऱ्यालाच ही कथा खरी उलगडते. मोपासाँने वाटेत तीन खुणा ठेवल्या आहेत.

पहिली खूण म्हणजे फोरेस्तियेची सहजता. मातिल्द भीत भीत तो हार मागते आणि ही बाई क्षणाचाही विचार न करता देऊन टाकते. ३६,००० चा हार इतक्या सहजपणे कोणी देत नाही. आपल्याकडे शेजारणीला पाटल्या देताना सख्खी बहीणसुद्धा दोनदा विचार करील. दुसरी खूण शेवटाकडची. हार परत करताना मातिल्दच्या छातीत धडधडत असते की मैत्रीण पेटी उघडून पाहील. पण ती पेटी उघडतसुद्धा नाही. उशिरा आणलास म्हणून थंडपणे बोलते आणि पेटी ठेवून देते. 

तिसरी खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पेटीच्या आत ज्या सराफाचे नाव छापलेले असते, त्याच्याकडे नवराबायको जातात. तो वह्या चाळतो आणि सांगतो, की हा हार माझ्या दुकानातून गेलेला नाही. मी फक्त पेटी दिली असेन.

हे वाक्य वर्गात वाचताना मी पंचवीस वर्षे घाईने पुढे जात होतो. सगळी कथा त्यात आहे. पेटी खऱ्या सराफाची, नाव खऱ्या दुकानाचे, आतला माल मात्र दुसराच. नवराबायकोंनी तिथेच थांबून विचार केला असता, तर दहा वर्षे वाचली असती. पण पेटीवरचे नाव पाहिल्यावर आतल्या वस्तूविषयी शंका घेण्याचे कोणाच्याही मनात येत नाही. मातिल्दच्या येत नाही, आणि तुमच्याआमच्याही येत नाही.

३

माझा स्वतःचा प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी मुख्याध्यापकांच्या एका बैठकीसाठी मुंबईला गेलो होतो. मुलगी नुकतीच बंगळूरला नोकरीला लागली होती. तिला काही न्यावे म्हणून एका गजबजलेल्या बाजारात शिरलो. एका दुकानात पर्स टांगल्या होत्या, त्यांतली तपकिरी रंगाची, अंगभर अक्षरे आणि फुले छापलेली एक मला आवडली. दुकानदार म्हणाला, “फर्स्ट कॉपी आहे, सर.” मला वाटले, फर्स्ट क्लास म्हणतो तसे काही तरी असेल. बाराशे रुपये दिले. त्याने पर्स एका कापडी पिशवीत घातली, ती पिशवी खोक्यात ठेवली, वर एक जाड कार्ड ठेवले. कार्डावर सोनेरी अक्षरे. इतका थाट पाहून मी खूश झालो.

‘फर्स्ट कॉपी’चा अर्थ मला परतीच्या गाडीत सहप्रवाशाने सांगितला. ती नक्कल होती, बरी साधलेली. अस्सल पर्सची किंमत लाखाच्या घरात असते हेही त्यानेच सांगितले. मी ओशाळलो. पण घरी गेल्यावर मुलीच्या हातात खोके दिले आणि काहीच बोललो नाही. तिने खोके उघडले, कार्ड वाचले, माझ्याकडे पाहिले, “छान आहे, बाबा,” म्हणाली.

कथेतल्या फोरेस्तियेने याहून वेगळे काय केले होते?

इथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. आपल्या बोलण्यात तो पुष्कळदा पुसला जातो. नक्कल वेगळी आणि खोटेपणा वेगळा. आपल्या बायका एक ग्रॅमचे दागिने घालतात. प्रवासाला निघताना खरे मंगळसूत्र कपाटात ठेवून खोटे घालतात. कोणी विचारले तर हसून सांगतात, “अहो, एक ग्रॅमचं आहे.” यात कोणाची फसवणूक नाही. लग्नाच्या मुंडावळ्यांतले मोती खोटे असतात हे भटजींपासून करवलीपर्यंत सर्वांना ठाऊक असते. नक्कल केवळ रूप उसने घेते. बनावट वस्तू त्यापुढे जाऊन नाव उसने घेते, दुसऱ्याची सही आपल्या अंगावर करते. म्हणूनच कायदासुद्धा नावाला धरून चालतो : आपल्याकडच्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात बनावट चिन्ह लावणाऱ्याला आणि तसा माल विकणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

फोरेस्तियेचा हार ही नुसती नक्कल होती. त्यात काही पाप नव्हते. श्रीमंत बायकासुद्धा तेव्हा असे दागिने वापरीत. पण देताना ती गप्प राहिली, आणि तो हार खऱ्या सराफाच्या पेटीत होता. त्या मौनाने निरुपद्रवी नक्कल खोटी झाली. त्या मुलीच्या प्रश्नाचे रहस्य इथे आहे. वस्तू आपण होऊन खोटी नसते. तिच्याबरोबर काय बोलले जाते आणि काय गिळले जाते, यावर तिचा खोटेपणा ठरतो.

आणि गप्प राहणारी एकटी फोरेस्तियेच आहे का? हार हरवल्यावर मातिल्दचा नवरा तिला चिठ्ठी लिहायला सांगतो, की हाराचा फासा तुटला आहे, दुरुस्तीला टाकला आहे. ती त्याच्या सांगण्यावरून लिहिते. पुढे बदली हार देतानाही ती बोलत नाही. एक बाई खोटा हार खरा म्हणून देते, दुसरी खरा हार तोच म्हणून परत करते. दोन मौनांच्या मध्ये एक पेटी जाते आणि येते, इतकीच ही कथा. मातिल्दच्या हावेवर बोट ठेवून मोकळे होणारे आमचे तात्पर्य अन्यायाचे आहे ते यामुळे. हाव तिची होती हे खरे. पण दहा वर्षांचे कर्ज हावेपायी झाले नाही, ते न बोलण्यापायी झाले. मैत्रिणीजवळ एक वाक्य बोलण्याची तिची लाज तिला ३६,००० फ्रँकांना पडली.

४

खऱ्याखोट्या दागिन्यांवर मोपासाँने याआधी एक कथा लिहिली होती. ‘ले बिजू’ म्हणजे ‘दागिने’, १८८३ ची. तिच्यात लान्तँ नावाच्या सरकारी कारकुनाच्या बायकोला नाटकांचा आणि खोट्या दागिन्यांचा नाद असतो. ती अकाली मरते. हलाखीत सापडलेला नवरा तिचा एक हार मोडायला नेतो, सहासात फ्रँक येतील या आशेने. सराफ सांगतो की हार खरा आहे. मग एकेक करत सगळेच दागिने खरे निघतात. त्यांचे १,९६,००० फ्रँक येतात. ते कोणी दिले, हे मोपासाँ सांगत नाही आणि सांगावे लागतही नाही. लान्तँ आधी रडतो, मग पैसे घेतो, नोकरी सोडतो. पुढे एका अत्यंत सच्छील स्त्रीशी लग्न करतो आणि ती त्याचा छळ करते!

हेन्‍री जेम्सने ‘ला पार्युर’ उलटी करून १८९९ मध्ये ‘पेस्ट’ ही कथा लिहिली. आपण हे उलटे केल्याचे त्यानेच पुढे आपल्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. एका धर्मोपदेशकाच्या विधवेच्या मागे खोट्या दागिन्यांचा डबा राहतो. ती पूर्वी नटी होती. तिच्या भाचीला त्या डब्यातले मोती मिळतात आणि ते खरे निघतात. पण ते खरे मानले तर नटी असताना ते कोणी दिले हा प्रश्न येतो. म्हणून सावत्र मुलगा ते खोटेच असल्याचा हट्ट धरतो. सॉमरसेट मॉमच्या ‘मिस्टर नो-ऑल’मध्येही हेच बीज आहे. जहाजावरच्या एका बाईच्या गळ्यातले मोती खरे असल्याची पैज जिंकत आलेला गृहस्थ तिचा पांढराफटक चेहरा पाहतो आणि आपणच चुकलो असे जाहीर करून पैज हरतो.

या कथा एका रांगेत ठेवल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते. कसोटीवर दागिना घासला जातो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात घासली जाते ती बाई. दागिना खोटा निघाला तर ती हावरी, खरा निघाला तर ती चारित्र्यहीन. दोन्हीकडून निकाल तिच्याविरुद्ध. पुरुष मात्र कारकून असो, सराफ असो की लेखक असो, पारख करणाऱ्याच्या खुर्चीत बसलेला. मॉमचा तो बडबड्या गृहस्थ मला या सगळ्यांत मोठा वाटतो, कारण हातात असलेला निकाल तो बोलून दाखवत नाही. मौनाचीही जात असते. दुसऱ्याची अब्रू राखण्यासाठी पाळलेले मौन वेगळे आणि आपली ऐट राखण्यासाठी पाळलेले वेगळे.

आजही हीच परीक्षा चालू आहे, फक्त ती गळ्यावरून खांद्यावर आली आहे. लग्नाच्या मांडवात एखादीची पर्स उलटीसुलटी करून टाके मोजणाऱ्या, कडीवरचे अक्षर पाहणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. तिच्या नवऱ्याच्या मनगटावरचे घड्याळ इतक्या बारकाईने कोणी पाहत नाही.

५

आता अस्सल पर्सकडे वळू. कारण खोट्याची निंदा करताना अस्सलाची आपोआप पूजा होते, आणि समीक्षकाने तिथेही पेटी उघडून पाहिली पाहिजे.

मातिल्द ज्या पॅरिसमध्ये हार शोधत हिंडली, त्याच पॅरिसमध्ये त्याच सुमारास लुई व्हिटॉन नावाचा एक कारागीर आपल्या नकलांनी हैराण झाला होता. १८५४ मध्ये त्याने प्रवासी पेट्यांचे दुकान काढले. सपाट झाकणाच्या त्याच्या पेट्या एकावर एक रचता येत, म्हणून लोकप्रिय झाल्या आणि लगेच त्यांच्या नकला निघाल्या. त्यावर उपाय म्हणून १८८८ मध्ये चौकटीचे कापड आले; त्यावर हे आमचे नोंदलेले चिन्ह आहे असे छापलेले होते. त्याचीही नक्कल झाली. लुई १८९२ मध्ये वारला. त्याचा मुलगा जॉर्ज याने १८९६ मध्ये बापाची आद्याक्षरे आणि फुले गुंफलेला नवा नमुना काढला. कोणाला नक्कल करता येऊ नये म्हणून काढलेला हा नमुना आज जगात सर्वाधिक नकला होणाऱ्या नमुन्यांपैकी एक आहे. मुंबईच्या बाजारात मी जी अक्षरे आणि फुले पाहून भाळलो ती हीच. मोपासाँ तेव्हा हयात असता, तर त्याला यातून तिसरी कथा सुचली असती.

नकलेचा इलाज म्हणून नाव मोठे केले की वस्तूपेक्षा नावच विकले जाऊ लागते. आणि नाव विकले जाऊ लागले की त्याची नक्कल सर्वांत सोपी. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ च्या आपल्या ग्रंथात चांदीच्या चमच्याचा दाखला दिला आहे. हाताने घडवलेला म्हणून मिरवला जाणारा चमचा हुबेहूब नक्कल आहे असे उघड झाले, तर त्याची किंमत एकदम कोसळते. चमचा तोच, चकाकी तीच, आमटीही तीच! मग कोसळले ते काय? दुसऱ्यांच्या नजरेतले आपले स्थान. बनावट पर्सवाला आणि अस्सल पर्सवाला, दोघेही दुकानात तीच नजर विकत असतात. एक बाराशेला, एक लाखाला.

अस्सल वस्तूत नजरेखेरीज आणखी काही असते ते म्हणजे हात. चांगले कातडे, सरळ टाका, वर्षानुवर्षे शिकलेला कारागीर. त्यासाठी जास्त पैसे देण्यात काही गैर नाही. पण मोठे नाव त्या हाताविषयी नेहमीच बोलते असे नाही. २०२४ मध्ये इटलीतल्या मिलान शहराच्या न्यायालयाने डिऑर या प्रख्यात नावासाठी पर्स बनवणाऱ्या एका कंपनीवर देखरेख बसवली. कामाचे पोटकंत्राट ज्या कारखान्यांना दिले होते, तिथे मजुरांना राबवून घेतले जात होते आणि कंपनीने तिकडे पुरेसे लक्ष दिले नाही, असे तपासात पुढे आले. जी पर्स दुकानात सुमारे २,६०० युरोंना विकली जात होती, तिच्या बनावटीपोटी, कातड्याचा खर्च वगळून, ५३ युरो दिले गेल्याचे कागदपत्रांत नमूद झाले. पुढे २०२५ मध्ये ही देखरेख उठवण्यात आली. ती पर्स खोटी नव्हती. नाव खरे, दुकान खरे. तरी पेटीत घालताना काही तरी सांगायचे राहून गेले होते.

याचा अर्थ बनावट माल घ्यायला हरकत नाही असा मात्र कोणी घेऊ नये. हा व्यवहार गल्लीतल्या चार दुकानांचा नाही. आर्थिक सहकार्य व विकास संघटना आणि युरोपीय संघाचे बौद्धिक संपदा कार्यालय यांच्या अहवालाप्रमाणे २०२१ मध्ये जगात बनावट मालाचा व्यापार सुमारे ४६७ अब्ज डॉलर्सचा होता. ज्या वस्तूच्या बनवणाऱ्याला आपले नावच सांगता येत नाही, त्याची मजुरी आणि त्याचे वय कोण विचारणार? अस्सल कंपनीला निदान न्यायालयात खेचता येते. बनावट पर्सच्या कारागिराला न्यायालयाचा रस्ताही बंद असतो.

६

हे सारे पॅरिसचे आणि मिलानचे झाले, आमच्या चिकोडी-अथणीचा याच्याशी काय संबंध, असे वाचक म्हणतील. आहे, आणि तो नुकताच सगळ्यांनी वाचला आहे.

जून २०२५ मध्ये मिलानमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने आपल्या प्रदर्शनात पुरुषांच्या पायांत ज्या चपला घातल्या, त्या पाहून आपल्या भागातल्या शेंबड्या पोरानेही सांगितले असते की ही कोल्हापुरी आहे. कंपनीने मात्र त्यांना कातड्याची सँडल म्हटले. कोल्हापूरचे नाव नाही, की अथणीचे नाही. इकडे ओरड झाल्यावर ही प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे कंपनीने मान्य केले. उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका जुलैमध्ये फेटाळली गेली. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. इथल्या कारागिरांकडून सुमारे २,००० जोड करून घ्यायचे आणि जोडाला सुमारे ८०० युरो किंमत ठेवायची, असे जाहीर झाले.

बनावट पर्सवाला नाव चोरतो. मिलानमध्ये झाले ते त्याच्या नेमके उलटे : रूप घेतले आणि नाव गाळले. दोन्हीकडे गिळलेले वाक्य एकच होते, ही कोणाच्या हातची आहे.

कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते आठ जिल्ह्यांसाठी : पलीकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि अलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमेवरून इतकी वर्षे भांडणारी दोन राज्ये एका पायताणावर एकत्र आली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेले कातडे, कातड्याच्याच वादीने घातलेली शिवण, चालताना येणारा करकर आवाज, यांना ना मराठी येते ना कानडी. पण आपणही हे नाव कितीसे राखतो? आपल्याच बाजारात रेक्झिनची, यंत्रावर कापलेली चप्पल कोल्हापुरी म्हणून विकली जाते आणि आपण पन्नास रुपये कमी करून ती घेतो. अस्सल जोड करणाऱ्या कारागिराशी मात्र घासाघीस करतो. त्याच कारागिरांची मुले माझ्या शाळेत शिकतात. प्राडावर रागावताना मला हे आठवते आणि राग थोडा निवतो.

७

मग अस्सल म्हणावे कशाला? कानडीतही शब्द हेच, असली आणि नकली. दोन्ही भाषांनी ते बाहेरून घेतले. म्हणजे आमचे खऱ्याखोट्याचे शब्दही उसनेच! तरी एक खूण मला सापडल्यासारखी वाटते.

जेन बर्किन या अभिनेत्रीच्या नावाने एर्मेस या कंपनीने १९८४ मध्ये एक पर्स काढली. तिने स्वतः वापरलेली पहिली पर्स जुलै २०२५ मध्ये पॅरिसला लिलावात ८६ लाख युरोंना गेली. ती पर्स नवी कोरी नव्हती. तिच्यावर ओरखडे होते, चिकटवलेल्या कागदांचे डाग होते, पट्ट्याला चक्क नखे कापायचे यंत्र टांगलेले होते. तशाच नव्या पर्स काचेच्या कपाटांत आहेत. पण ही हिची होती, आणि हिने ती वापरली हे तिच्या अंगावर लिहिलेले होते. एवढी किंमत योग्य की वेडगळ, हा प्रश्न सोडून देऊ. लोकांनी खरेपण शोधले ते वापराच्या खुणांत, एवढे पुरे.

या दृष्टीने ‘ला पार्युर’ पुन्हा वाचावी. कथेतली सगळ्यांत खरी वस्तू कोणती? हरवलेला हार खोटा. बदली दिलेला हार खरा, पण पेटीत बंद. त्याच्याकडे दहा वर्षे कोणी पाहिलेही नाही. खरे आहेत ते मातिल्दचे खरखरीत हात. शेवटी ती मैत्रिणीसमोर उभी राहते तेव्हा मोपासाँ तिच्या चेहऱ्यावर एक अभिमानाचा, भोळ्या आनंदाचा भाव ठेवतो. दोन्ही हार इतके सारखे होते की तुला कळलेसुद्धा नाही, असे तिला वाटते. आयुष्यात पहिल्यांदा ती खरे बोलते आहे, आणि खरे बोलल्यामुळेच तिला खरे कळते. कथा तिथे संपते. पुढे फोरेस्तिये तो हार परत करते का, हे मुले दरवर्षी विचारतात. मोपासाँने तिला या प्रश्नातून सोडवले, हा मला या कथेतला एकमेव दोष वाटतो. त्याने सगळे ऋण मातिल्दकडून वसूल केले आणि फोरेस्तियेचे ऋण तसेच सोडून दिले.

माझ्यावरचे ऋण मी गेल्या वर्षी फेडले. मुलगी दिवाळीला आली होती. ती पर्स एव्हाना माळ्यावर गेली होती, तिच्यात विजेची जुनी बिले होती. खाली काढताना ती दिसली आणि मी सांगून टाकले की ही नकली आहे, मला गाडीत कळले होते, मी बोललो नाही. ती हसली. म्हणाली, “बाबा, मला खोकं उघडल्यावरच कळलं होतं. कार्डावर स्पेलिंग चुकलं होतं.” मग ऑफिसात इतके दिवस का नेलीस, असे मी विचारले. “तुम्ही आणली होती म्हणून. दोघीतिघींनी विचारलं. मी सांगितलं, डुप्लिकेट आहे, वडलांनी दिली आहे.”

म्हणजे तिच्या हातात ती पर्स कधीच खोटी नव्हती. जे वाक्य मला अनेक वर्षांत बोलता आले नाही, ते ती पहिल्याच आठवड्यात बोलून मोकळी झाली होती. मी मात्र तिच्यापुढे इतकी वर्षे फोरेस्तिये होऊन बसलो होतो. हे इथे लिहू का, असे तिला विचारले. खुशाल लिहा म्हणाली.

असो. बाकावरून प्रश्न विचारणारी ती मुलगी शाळा सोडून गेली. आता कुठे असते ठाऊक नाही. यंदा ती कथा पुन्हा शिकवायची आहे. फळ्यावर मी तात्पर्य लिहिणार नाही, तिचा प्रश्न लिहीन, दोन्ही भाषांत. त्यावर मुले काय म्हणतात ते ऐकायचे आहे.